साडीच्या धाग्यात अडकणारी नखं

नमस्कार. मी लातूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावाला राहते. वय ४१. घरीच साडीला फॉल-पिको करते, ब्लाउज शिवते. वर्षभरापासून हाताची नखं कोरडी पडून पापुद्र्यांनी निघायला लागलीत. उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट जास्त. मागच्या लग्नसराईत एका गिऱ्हाइकाच्या पैठणीत नख अडकून धागा ओढला गेला. मजुरी तर गेलीच, वर बोलणी बसली. मेडिकलवाल्यानं कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, तीन महिने खाल्ल्या, काही फरक नाही. शेजारीण म्हणते लसूण चोळ. मुलीनं नखं कडक करायचं नेलपेंट आणलंय आणि बायोटिनच्या गोळ्या मागवू का म्हणून मागं लागलीय. आमच्याकडं नळ आठ दिवसांनी येतो, त्या दिवशी सगळं धुणं एकदम निघतं. एरवी बोअरचं पाणी. पाळीत हल्ली अंगावरून जास्त जातं आणि माडीचा जिना चढला की धाप लागते, पण ते वयाचं असेल. तुळशीच्या लग्नानंतर माझं काम वाढतं, तोवर नखं नीट होतील का? घरच्या घरी काय करता येईल?

— एक वाचक भगिनी

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी शेवटी, जाता जाता लिहून टाकलंय. एक्केचाळिसाव्या वर्षी घरातला जिना चढून धाप लागते, तेव्हा ते वयाचं नसतं. त्यावर पुढं सविस्तर लिहिते. पण तुम्ही विचारलंय नखांचं, आणि त्यात घरच्या घरी करण्यासारखं पुष्कळ आहे, म्हणून आधी तेच.

आधी कॅल्शियमचा निकाल लावू. नख कडक असतं म्हणून ते हाडासारखं कॅल्शियमचं असणार, असं आपल्याला वाटतं, आणि काउंटरपलीकडच्या माणसालाही बहुतेक तसंच वाटतं. प्रत्यक्षात नखात कॅल्शियम अगदी नगण्य असतं. नख बनतं केराटिन नावाच्या प्रथिनाचं. केसही त्याचेच. या प्रथिनाला कडकपणा येतो तो मुख्यतः त्यातल्या गंधकाच्या बंधांमुळं. त्यामुळं तीन महिने गोळ्या खाऊनही नखं होती तशीच राहिली यात नवल काही नाही. नखावरच्या पांढऱ्या ठिपक्यांचंही तेच. लहानपणी आकाशातून बगळे चालले की आपण नखावर नखं घासून त्यांच्याकडं कवड्या मागायचो. आता पोराच्या नखावर तोच ठिपका दिसला की आई कॅल्शियमचं सिरप आणते. तो ठिपका बहुतेक वेळा नखाच्या मुळाशी कधीतरी लागलेल्या बारीकशा माराचा असतो, आणि नख वाढलं की पुढं सरकत निघून जातो.

मग तुमची नखं का फुटतात? केराटिनच्या चपट्या, मेलेल्या पेशींचे थर एकावर एक बसून नख तयार होतं. पाण्यात हात गेला की नख पाणी पितं आणि किंचित फुगतं. हात कोरडा झाला की आक्रसतं. दिवसातून दोन-चारदा असं झालं तर बिघडत नाही. पण फुगणं-आक्रसणं सारखं चालू राहिलं की थरांना धरून ठेवणारी पकड सैल होते आणि टोकाकडून, चिरोट्याचे पदर सुटावेत तसे, पापुद्रे सुटायला लागतात. साबण आणि धुण्याची पावडर नखातला मुळातच थोडा असलेला तेलकट अंशही धुऊन नेतात. हा त्रास बायकांत जास्त दिसतो, आणि त्याचं कारण शोधायला फार लांब जायला नको.

आता तुमचा नळाचा दिवस आठवा. आठ दिवसांचं धुणं, अंथरुणं-पांघरुणं, पिंप घासणं, टाकी धुणं, आणि नळ जायच्या आत सगळं उरकायची घाई. सकाळभर हात पाण्यात आणि पावडरीत. त्यानंतर उरलेले दिवस बोअरचं जड पाणी. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून येणाऱ्या या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात, त्यामुळं साबणाला फेस येत नाही. फेस येईना म्हणून आपण आणखी साबण घेतो, आणि त्याचा चिकट थर हातावर, नखावर बसतो. भर उन्हाळ्यात तर मराठवाड्याच्या कोरड्या हवेत ओले हात पदराला पुसायच्या आत वाळतात. म्हणजे भिजणं-वाळणं, भिजणं-वाळणं हे चक्र तुमच्या हातांना दुसऱ्या कुणापेक्षाही जोरात लागतं. नळ रोज येणं तुमच्या हातात नाही, हे मला ठाऊक आहे. पण धुणं भिजवताना पावडर हातानं न कालवता काठीनं ढवळणं, आधी भांडी आणि मग कपडे असं दोनदा ओलं होण्याऐवजी पाण्याची कामं एका दमात उरकणं, मोठी पांघरुणं पिळायला घरातल्या दुसऱ्या कुणाचे तरी हात लावणं, एवढं जमेल. घरातल्या पुरुषमाणसांच्या नखांना पाणी चालतं, हेही त्यांना सांगून बघा.

रबरी हातमोजे वापरा, पण थेट हातावर चढवू नका. आत घाम येतो, नख त्यातही भिजतं, आणि काहींच्या हाताला रबराचीच खाज सुटते. तुम्ही तर शिवणकाम करता. जुन्या होजिअरी बनियनचे पातळ, सैलसर हातमोजे शिवा, दोन-तीन जोड. ते आत आणि रबरी बाहेर. आतले ओले झाले की लगेच बदला. ओला सुती मोजा घालून तास काढण्यापेक्षा उघड्या हातानं काम केलेलं परवडलं. हे सगळे मोजे अडकवायला मोरीजवळ एक खिळा ठोका. मोजा कपाटात गेला की तो परत कुणी काढत नाही.

तुमच्या पत्रातली आणखी एक गोष्ट मला बोलकी वाटली. उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट जास्त खराब, असं तुम्ही लिहिलंय. पाणी तर दहाही बोटांना सारखंच लागतं. मग ही दोनच का? फॉल लावताना कड दुमडून त्यावर अंगठ्याचं नख दाबत नेऊन घडी मारायची सवय तुम्हाला असणार. बहुतेक शिवणाऱ्या बायकांना असते. दर साडीला अडीच-तीन मीटर फॉल, आणि अख्खी घडी एका नखाच्या टोकावर. शिवाय चुकलेला टाका उसवायला नख, दोऱ्याची गाठ सोडवायला नख, रिळाचं स्टिकर खरवडायलाही नख. आधीच सैल झालेले थर याच जागी सुटणार. घडी मारायला लाकडी फूटपट्टीची कड किंवा कात्रीची पाठ वापरा, उसवायला बारीक टोकाची कात्री. स्वयंपाकघरातही तेच: दुधाच्या पातेल्याची खरवड, डब्याचं घट्ट झाकण, लसणाचं साल, यांतलं काहीही नखानं नको. महिनाभर एवढा एकच बदल केलात तरी अंगठ्यात फरक दिसायला हवा.

आता रात्रीचा उपाय. दिवसभर हाताला तेल लावा असं तुम्हाला सांगून उपयोग नाही, कारण तुमच्या मांडीवर लोकांच्या रेशमी साड्या असतात. म्हणून जे करायचं ते स्वयंपाकघर आवरल्यावर, शेवटचं पाणी हाताला लागून गेल्यावर. एका वाटीत कोमट पाणी घ्या, साबण नाही, मीठ नाही, लिंबू नाही. बोटांची टोकं दहा मिनिटं त्यात ठेवा. आत्ताच पाण्याला नावं ठेवली आणि आता पाण्यात बोटं बुडवायला सांगते, असं म्हणाल. फरक असा की दिवसभर भिजलेलं नख उघडं वाळतं, आणि इथं आपण त्याला पाणी पाजून वरून झाकण लावतोय. बोटं टिपून घ्या, घासू नका, आणि ओल आहे तोवरच प्रत्येक नखावर, नखाच्या कडेला आणि टोकाच्या खालच्या बाजूनं पेट्रोलियम जेली चोळा. व्हॅसलीन म्हणून जी साधी डबी मिळते तीच. मग बनियनचे ते मोजे चढवून झोपा. घरात खोबरेल, तिळाचं, करडईचं जे तेल असेल तेही चालेल. करडई तर आपल्याच रानातली. पण ओल धरून ठेवण्यात जेली तेलापेक्षा सरस, आणि स्वस्तही. नखाभोवतीची कातडी फारच खडबडीत झाली असेल तर मेडिकलमध्ये १० किंवा २० टक्के युरिया असलेलं क्रीम मिळतं, ते जेलीच्या आधी लावता येतं. भेगा असल्या तर मात्र ते चुरचुरतं, त्या भरेपर्यंत थांबा.

दिवसा प्रत्येक वेळी हात धुतल्यावर मटारच्या दाण्याएवढं साधं हँडक्रीम पुरे. ते मुरायला पाच-दहा मिनिटं द्या, मऊ सुती फडक्यानं बोटं पुसा आणि मगच साडीला हात लावा. सॅनिटायझरची सवय अजून असेल तर सोडा, घरात त्याचं काम नाही. त्यातला अल्कोहोल नख कोरडं करतो.

नखं आखूड ठेवा. लांब नखाचं टोक म्हणजे अडकायला एक हूकच. आंघोळीनंतर नख मऊ असतं, तेव्हा नेलकटरनं थोडं थोडं काढा, एका फटक्यात कचकन नको. संध्याकाळी नखं काढू नयेत या आजीच्या दंडकाला तुमच्या बाबतीत माझा आपोआप पाठिंबा आहे. नेलकटरला जोडलेली लोखंडी कानस फार खरखरीत असते. पुठ्ठ्याची बारीक कानस वापरा, ती नख सुकल्यावर, आणि कडेकडून मधे अशी एकाच दिशेनं फिरवा. करवतीसारखी मागेपुढे केली की उरलेले थरही सुटतात. सुटलेला पापुद्रा ओढून काढायचा मोह आवरा. तो नेहमी आपल्याला वाटतो त्यापेक्षा खोलवर जातो. नखाच्या मुळाशी जी पातळ कातडी असते, तीही कापू नका आणि मागं ढकलू नका. तिच्यामुळंच पाणी आणि जंतू आत शिरत नाहीत. सतत ओल्या हातांच्या बायकांना नखाची कड सुजून ठणकते, नखुर्डं होतं, ते बहुतेक वेळा हीच कातडी तुटल्यामुळं. नखुर्ड्यावर लिंबाची टोपी घालायचा उपाय तुम्हीही केला असेल. पू दिसत असेल तर तो करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

लसणाचं म्हणाल तर नखं बळकट होतात असा काही पुरावा नाही, आणि चेचलेला लसूण कातडीवर जास्त वेळ राहिला तर चक्क भाजतो, फोड येतात. लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट हे नख पांढरं करायचे उद्योगही तुमच्यासाठी नाहीत, सगळे कोरडेपणाच वाढवतात. मेंदी खुशाल लावा, फक्त झटपट रंग देणारी काळी मेंदी नको. तिच्यात केसांच्या कलपातलं रसायन घातलेलं असतं आणि त्याची वाईट ॲलर्जी येते.

मुलीनं आणलेल्या नेलपेंटवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते तिच्याकडून वाचून घ्या. फॉर्मल्डिहाइड किंवा फॉर्मलिन असेल तर बाटली परत करा. त्यानं नख सुरुवातीला कडक होतं हे खरं, आणि पंधरा दिवस आपल्याला आनंदही होतो. पण पापुद्रे सुटणाऱ्या नखाला कडकपणाची नाही, लवचिकपणाची गरज असते. कडक नख वाकत नाही, तुटतं. शिवाय नखावरच्या अशा रसायनांची ॲलर्जी कित्येकदा बोटावर न दिसता पापण्यांवर आणि मानेवर उठते, कारण दिवसभर आपला हात तिथं जात असतो. पापण्या का सुजल्या म्हणून बायका डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जातात आणि कारण नखावर असतं. त्याऐवजी साधं, बिनरंगाचं नेलपेंट चालेल. टोकाच्या कडेवर पातळ हात फिरवलात तर सुटे थर तात्पुरते चिकटून राहतात. ते काढायचं रिमूव्हर ॲसिटोन नसलेलं घ्या आणि आठवड्यातून एकदाच वापरा, रोज नको.

बायोटिन म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व. त्याची खरी कमतरता फार क्वचित आढळते. ठिसूळ नखांवर त्याचे जे अभ्यास झाले ते छोटे होते. काहींना रोज २.५ मिलिग्रॅमनं फायदा झालेला दिसला, पण छातीठोकपणे सांगावं असं त्यात काही नाही. मी तुमच्या जागी असते तर ते पैसे आत्ता रक्ताच्या तपासणीवर घातले असते. आणि एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळं रक्ताच्या काही तपासण्या चुकीच्या येतात. थायरॉईडची त्यातलीच एक. हृदयविकाराच्या झटक्यात करतात ती ट्रोपोनिनची तपासणीही बिघडू शकते, आणि त्याबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकानं २०१७ मध्ये इशाराही दिला होता. गोळ्या आधीच मागवून खायला घेतल्या असतील तर तपासणीच्या निदान तीन दिवस आधी बंद करा आणि डॉक्टरांना तसं सांगा.

शेतात जाणाऱ्या बायकांचे हात याहून वेगळ्या कारणांनी खराब होतात, म्हणून त्यांच्यासाठीही थोडं. कापूस वेचताना वाळल्या बोंडाची टोकं थेट नखाच्या आत आणि कडेला टोचतात. हरभऱ्याचा ढाळा हातानं उपटला की पाल्यावरची आंब बोटांना लागते. ती खरोखरच आम्ल असते, मॅलिक आणि ऑक्झॅलिक, आणि आधीच चिरलेल्या कडांना ती आग लावते. रानातून आल्यावर हात साध्या पाण्यानं धुऊन लगेच तेल किंवा जेली लावायची, एवढं केलं तरी पुष्कळ. वेचणीला बोटांना सुती चिंधी गुंडाळणाऱ्या बायका शहाण्या असतात.

आता तुमची धाप.

नखाची तक्रार टोकाकडून आहे की मुळाकडून, हे आधी बघायचं असतं. टोकाला पापुद्रे सुटत असतील आणि मुळाजवळचं नख सपाट, गुळगुळीत, गुलाबी असेल तर कारण बहुतेक बाहेरचं, पाण्याचं आणि कामाचं. मुळापासूनच नख पातळ निघत असेल, मधे खड्डा पडून चमच्यासारखं होत असेल, तर कारण शरीरात शोधायचं. हात टेबलावर सपाट ठेवून नखाच्या मध्यावर पाण्याचा एक थेंब सोडून बघा. तो ओघळून न जाता तिथंच बसून राहिला तर नख चमच्यासारखं झालंय, आणि शरीरात लोह कमी पडल्याची ती ठळक खूण आहे. थेंब ओघळला म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका. चमचा बराच उशिरा होतो, धाप त्याआधी लागते. जास्त अंगावरून जाणं, धाप, ठिसूळ नखं या तीन गोष्टी एकत्र वाचल्या की पहिला संशय रक्त कमी असण्याचाच येतो. आपल्याकडं ते दुर्मीळही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं होतं. इतक्या जणींना असतं, म्हणूनच आपण त्याला वय म्हणून सोडून देतो.

दुसरा संशय थायरॉईडचा. ती ग्रंथी मंदावली की नखं ठिसूळ होतात, कातडी कोरडी पडते, केस गळतात, वजन वाढतं, थंडी जास्त वाजते, आणि पाळीत रक्तस्रावही वाढतो. म्हणजे तुमच्या पत्रातल्या दोन तक्रारींचा धागा तिकडेही जाऊ शकतो.

हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ च्या खाली असेल तर रक्त कमी समजतात. जमलं तर सोबत फेरिटिन आणि टीएसएच (ही थायरॉईडची) या दोन तपासण्याही डॉक्टरांना लिहायला सांगा. हिमोग्लोबिन काठावर ठीक असतं आणि शरीरातला लोहाचा साठा मात्र रिकामा झालेला असतो, असं पुष्कळदा होतं, आणि तो साठा फेरिटिनवरून कळतो. त्याच खेपेत पाळीचं बाईडॉक्टरना दाखवा. गर्भाशयात गाठ वगैरे आहे का, हे बघितल्याशिवाय नुसत्या लोहाच्या गोळ्या म्हणजे गळक्या पिंपात पाणी भरणं.

लोहाच्या गोळ्या मिळाल्याच, तर कॅल्शियमची गोळी त्यांच्यासोबत घेऊ नका. कॅल्शियम लोहाला अंगी लागू देत नाही. म्हणजे तुमची ती तीन महिन्यांची गोळी नखाला तर उपयोगी पडली नाहीच, जेवणासोबत घेत असाल तर जेवणातल्या लोहाचीही वाट अडवून बसली असेल. दोन्ही लागणारच असतील तर मधे दोन तास सोडा. चहाचंही तसंच, जेवणाच्या किंवा गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको. फॉल-पिकोवाल्या बाईला हे सांगणं सोपं नाही, येणारं प्रत्येक गिऱ्हाईक चहाला निमित्तच असतं. लोहाच्या गोळीनं शौचाला काळं होतं, पोट थोडं जड होतं, घाबरून गोळी सोडू नका. आणि हिमोग्लोबिन वर आलं म्हणून लगेच थांबूही नका. साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने लागतात, डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवा.

खाण्यात आपल्याकडं वाईट काही नाही, फक्त जुळवणी हवी. ज्वारी-बाजरीची भाकरी, अंबाडीची किंवा मेथीची भाजी, कारळ्याची चटणी, हाळीव, यांत लोह असतं, पण वनस्पतीतलं लोह शरीर कमी घेतं. वरून लिंबू पिळलं की ते जास्त घेतं. भाजी लोखंडी कढईत करा. खात असाल तर अंडी, मटण, कलेजी यांतलं लोह जास्त सहज लागतं. नख प्रथिनाचं असतं, म्हणून ठेचा-भाकरीवर दिवस काढू नका. वरण, पिठलं, मटकीची उसळ, शेंगदाणे, ताक, यांतलं काहीतरी दोन्ही वेळच्या ताटात हवं. रक्त आधीच कमी झालं असेल तर मात्र नुसत्या खाण्यानं ते भरून निघत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात.

एखादंच नख पिवळं, जाड होऊन भुगा पडत असेल, खाली पांढरट चुरा साचत असेल, तर तो कोरडेपणा नाही, बहुधा बुरशी आहे. त्वचेच्या डॉक्टरांकडून खात्री करून घ्या, आणि खाजेचं म्हणून मेडिकलवर मिळणारी स्टिरॉइड मिसळलेली मलमं लावू नका, त्यांनी बुरशी दबते आणि पुन्हा पसरते. नखावर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे असतील तर सोरायसिस हा कातडीचा आजार असू शकतो. एकाच नखात नव्यानं काळी उभी रेघ उमटली, रुंद होत चालली किंवा कडेच्या कातडीवर उतरली, तर त्याच आठवड्यात दाखवा. वयाबरोबर नखावर येणाऱ्या बारीक उभ्या रेषा मात्र सुरकुत्यांइतक्याच निरुपद्रवी.

तुळशीच्या लग्नापर्यंत होईल का, असं विचारलंत. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. लग्नातली मेंदी आठवा. तळहातावरची पंधरवड्यात उडते, नखावरची राहते, आणि महिन्यानं मुळाशी तिच्याखालून तेवढीच एक कोरी चंद्रकोर वर आलेली दिसते. अख्खं नख बदलायला सहा महिन्यांच्या आसपास लागतात. आता आषाढ आहे. आज तुमच्या टोकाशी जे फुटतंय ते संक्रांतीच्या सुमारास मुळाशी तयार झालेलं. तुळशीच्या लग्नाला चार महिने आहेत, म्हणजे तोवर नखाचा बराचसा भाग नवा असेल, आणि आजपासून जपलेला असेल. टोकाचे पापुद्रे त्याच्या बरेच आधी, महिना-दोन महिन्यांत कमी व्हायला लागतील. चार दिवसांत काही दिसणार नाही, म्हणून पाचव्या दिवशी डबी बाजूला ठेवू नका. थायरॉईड किंवा रक्ताचं कारण निघालं तर गणित थोडं लांबेल.

तोवरच्या साड्यांसाठी एक करा. मशिनजवळ एक जुनी शिफॉनची ओढणी ठेवा. रेशमाला हात लावायच्या आधी दहाही बोटं तिच्यावरून फिरवा. जिथं अडकेल तिथं कानस मारा, कडेला बिनरंगाचा हात फिरवा, वाळू द्या, पुन्हा फिरवून बघा. पैठणीसारखं भारी काम सकाळी, हात पाण्यात जायच्या आधी घ्या.

रक्त द्यायला मात्र नखं सुधारायची वाट बघू नका, येत्या आठवड्यातच जा. डॉक्टर आपणहून पाळीबद्दल विचारतीलच असं नाही, म्हणून आधी पाळीचं आणि धापेचं सांगा, नखं नंतर दाखवा. कॅल्शियमची पाकिटं पिशवीत टाकून न्या, आणि त्या दिवशी बोटांना नेलपेंट नको.